स्टिअरिंगवरची लाल चिंधी

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बायकोसमोर नाही, मित्रांत बसून दोन घोट घेतल्यावर नाही, इंजिनाच्या पेटीत डोकं घालून एकटा बसलेला असतानासुद्धा नाही — आणि इंजिनाशी मी पुष्कळ बोलतो, घरच्यांपेक्षा जास्त, असं बायकोच म्हणते. तुम्ही काही माझ्या ओळखीचे नाही. म्हणूनच कदाचित जमेल. गोष्ट जुनी आहे, बऱ्याच वर्षांपूर्वीची. जुनी म्हटली की सांगायला जरा सोपी जाते, नाही का?

मी बोटींचा मिस्त्री. नागपूरचा माणूस आणि बोटींचा मिस्त्री म्हटलं की लोक हसतात. हसू द्या. समुद्र नसला तरी आमच्याकडे तलाव आहेत, आणि शहरापासून तासाभराच्या वाटेवर असलेल्या एका तलावावर सुटीच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. तलावाचं नाव सांगत नाही. तिथं माणसं फिरवणाऱ्या डिझेल बोटी आहेत, आणि त्यांची इंजिनं सांभाळणं हे माझं काम. तेव्हाही होतं, आजही आहे. या ‘आजही आहे’वर मी नंतर येईन.

मोटारीचं ऑइल बदलणं तुम्ही पाहिलं असेल. खाली घमेलं सरकवायचं, बोल्ट उघडायचा, चहा प्यायला जायचं. बोटीत तसं चालत नाही. इंजिन बोटीच्या तळाला चिकटून बसलेलं असतं, खालच्या बोल्टपर्यंत जेमतेम हात पोचतो, तिथं घमेलं कुठून जाणार? आणि तेल तळात सांडलं तर ते तळातल्या पाण्याबरोबर तलावात जातं, मग तवंग पाहून तलावावरच्या साहेबांची बोलणी. म्हणून आमची रीत अशी — तेल मोजायची पट्टी जिथं असते त्या भोकातून बारीक नळी आत सोडायची आणि हातपंपानं जुनं तेल वर ओढायचं. पोटावर पालथं पडून. माझ्या उस्तादानं शिकवलं होतं की इंजिन थंड असतानाच हात लावायचा. थंड तेल काकवीसारखं येतं. एका बोटीला अर्धा दिवस जायचा, आणि तरी तळाशी थोडी घाण राहायचीच. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. उलट ऐटच होती — हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही, वेळ लागतो बाबा, असं मी सगळ्यांना ऐकवायचो.

मग प्रमोद आला.

प्रमोद माझा साडू. माझ्या बायकोची, सुनंदाची, धाकटी बहीण माया त्याला दिलेली. तो मौद्याला ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात होता. लग्न झालं तशी सुनंदानं माझ्यामागे लकडा लावला, की त्याला तुमच्याकडे लावून द्या. मी साहेबांशी बोललो, साहेबांनी घेतलं. म्हणजे त्याला तिथं आणला मी — हे लक्षात ठेवा. मी तरी ते एक दिवस विसरलो नाही, आणि त्यालाही विसरू दिलं नाही. तो मला भाऊ म्हणायचा. माझी पान्ह्यांची पेटी उचलून पुढं चालायचा. पहिला उन्हाळा बरा गेला.

नंतर एक दिवस त्यानं विचारलं, की भाऊ, तेल गरम असतानाच काढलं तर? मी हसलो. पण आठवड्याभरात त्यानं एका बोटीचा खालचा बोल्ट काढून त्या जागी पितळी जोड बसवला, जोडाला जाड नळी लावली, आणि नळीचं तोंड पेटीच्या कडेशी वर आणून झाकणानं बंद केलं. कबाडी बाजारातून डिझेल ओढायची एक छोटी मोटर शोधून आणली, ती बोटीच्याच बॅटरीवर चालायची. तेल बदलायच्या आधी रिकाम्या बोटीची तलावात एक फेरी. इंजिन तापलं, तेल पाण्यासारखं पातळ झालं, की मोटर नळीला जोडायची — सगळी घाण तळापासून भराभर डब्यात. तोवर हा पठ्ठ्या बसून नाही राहायचा. फिल्टरला खालून प्लॅस्टिकची पन्नी बांधून तो पन्नीतच सोडवायचा, एक थेंब खाली पडायचा नाही. मी पालथा पडून नळी आत सरकवत असायचो, तोवर त्याची बोट तयार.

घाई होती, पण बेफिकिरी नव्हती. हे मला सांगितलंच पाहिजे, कारण पुढं लोकांनी उलटंच म्हटलं. इंजिनातलं तेल काढलं की त्याचं पहिलं काम म्हणजे स्टिअरिंगला लाल चिंधी बांधणं. मायाच्या जुन्या लुगड्याच्या काठाच्या चिंध्या असायच्या त्या. चिंधी आहे म्हणजे इंजिनात तेल नाही, किल्लीला हात लावायचा नाही. नवं तेल भरलं, पट्टी पाहिली, की मगच चिंधी सुटायची. बोट चालवणाऱ्यांना त्यानं हे इतकं पढवलं होतं, की ते दुसरं काही पाहायचेच नाहीत. चिंधी नाही — बोट तयार.

आता तुम्हाला वाटेल, साहेबांनी त्याचं कौतुक केलं म्हणून माझ्या पोटात दुखलं. केलंच होतं कौतुक. इतर बोटींनाही तशाच नळ्या बसवा म्हणाले. मी म्हटलं बसवू, आणि माझ्याकडच्या बोटींना बसवल्या नाहीत. पण साहेबांचं काय, आज हे साहेब, उद्या दुसरे. दुखणं दुसरीकडे होतं.

सांगू का? ताटात होतं.

माझे सासरे खापरखेड्याच्या वीज केंद्रातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. तिथंच घर बांधून राहिले. माणूस कमी बोलायचा, पण समोरच्याचे हात पाहायचा. जावई म्हणून मला पसंत केलं तेही हात पाहूनच, असं सासूबाई सांगायच्या, आणि ते ऐकायला मला फार आवडायचं. माझे वडील मी लहान असतानाच गेले; तू कामाचा आहेस असं मला म्हणणारे हे पहिलेच. त्यांच्या घरी जेवायला बसलं की पहिलं ताट थोरल्या जावयाचं. वर्षानुवर्षं माझं. एक दिवस आम्ही दोघं जावई तिथं जेवायला होतो, बेसनाच्या पाटोडीचा रस्सा होता. सासूबाई ताट घेऊन बाहेर आल्या, माझ्याकडे वळल्या, आणि सासऱ्यांनी हातानंच खूण केली — तिकडे. ताट प्रमोदपुढं गेलं. त्यांनी त्याच्या नळीबद्दल ऐकलं होतं. जेवणभर तेच विचारत होते, जोड कुठला, आटे कसे पाडले, गळत तर नाही. मला दुसरं ताट मिळालं. तेच जेवण, तेवढंच, कदाचित एक पाटोडी जास्तच. पण दुसरं.

हसू आलं ना? मलाही येतं कधी कधी. एवढा बाप्या माणूस ताटासाठी रुसला. पोट दुखलं तर माणूस ओवा खातो. हे दुखणं तसलं नव्हतं. त्या दिवसापासून मला प्रमोदचं सगळं खुपायला लागलं. त्याचं शीळ घालणं. काम झाल्यावर पान्हे पुसून ओळीत लावणं. माया त्याच्याकडे पाहायची ते. सुनंदा एकदा सहज म्हणाली, की प्रमोदभाऊजी लवकर घरी येतात, तुम्हालाच काहून उशीर होते? ती सहजच बोलली. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

आणि तो? तो तसाच. भाऊ, भाऊ. एकदा म्हणाला, तुमच्या बोटींनाही नळ्या लावून देतो, तुमची कंबर तरी वाचन. त्याला खरंच माझ्या कंबरेची काळजी होती. हेच मला सहन झालं नाही. त्यानं जरा तोरा दाखवला असता तर मी त्याच्याशी भांडलो असतो आणि सगळं तिथंच निवलं असतं. चांगल्या माणसाचा हेवा करणं फार कठीण काम आहे. एकट्यालाच करावं लागतं.

दसऱ्याच्या सुमाराला दीक्षाभूमीवर साऱ्या देशातून माणसं येतात. आमच्याही घरी गावाकडचे पाहुणे असतात, दाराबाहेरपर्यंत चपलांचा ढीग. दर्शन झालं की त्यातले पुष्कळ जण पोरांना घेऊन आमच्या तलावावर येतात, आणि मग बोटींना बसायला फुरसत नसते. त्या वर्षी प्रमोदच्या मोठ्या बोटीचं तेल काळं पडलं होतं. साहेब नको म्हणाले, गर्दी ओसरू द्या. प्रमोद म्हणाला, लोक रांगेत उभे आहेत तोवर करून देतो. मी शेजारच्या बोटीत पालथा पडलेलो, हातपंप ओढत. माझं सकाळपासून चाललं होतं.

त्यानं तेल काढलं. नवा फिल्टर लावला. चिंधी बांधली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं — दोन गाठी मारल्या, वरची जरा ओढून पाहिली, त्याची सवयच होती. मग तो काठावरच्या खोलीत नव्या तेलाचा डबा आणायला गेला. खोलीला कुलूप, किल्ली साहेबांकडे, साहेब गर्दीत. तो इकडेतिकडे शोधत होता ते मला दिसत होतं.

इथं मी दर वेळी थांबतो. मनातल्या मनात सांगतानाही थांबतो. पुढचं वाक्य साधं आहे. मी उठलो, एका बोटीतून दुसऱ्या बोटीत पाय टाकला, आणि चिंधी सोडली.

रागात नव्हतो. गाठी घट्ट होत्या, नखानं सोडवाव्या लागल्या, म्हणजे मधेच थांबायला वेळ होता. मला काय हवं होतं? चालवणारा चावी फिरवेल, इंजिन जरा खडखडेल, साहेब ओरडतील, आणि ती बातमी खापरखेड्याला जाईल — एवढंच. तेल संपलं की लागतो तो इशाऱ्याचा दिवा त्या बोटीत कधीचाच लागत नव्हता, हे मला माहीत होतं. तो दुरुस्त करायचं काम माझ्याकडेच होतं. चिंधी मी माझ्या काळ्या तेलाच्या डब्यात बुडवली आणि परत पालथा पडलो. पंप ओढायला लागलो.

चालवणारा आला, स्टिअरिंगकडे पाहिलं, लोकांना बसवून घेतलं. मौद्याकडच्याच कुठल्या गावची मंडळी होती — पांढऱ्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, एक आजोबा. बोट निघाली. प्रमोद डबा घेऊन आला तेव्हा ती बरीच पुढं गेली होती. तो काठावरून धावत हात हलवायला लागला, ओरडायला लागला. इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? बोटीतल्या बायापोरांना वाटलं, हा आपल्याला टाटा करतोय. त्यांनीही हात हलवले.

तलावाच्या मध्यावर इंजिन आवळलं, तेलाविना आतून जाम होऊन बंद पडलं. आवाज मी ओळखला. डोकं वर केलं नाही.

ती माणसं ऑक्टोबरच्या उन्हात तिथं अडकून पडली. छप्पर नव्हतं त्या बोटीला. वारा सुटला तशी बोट धरणाच्या भिंतीकडे सरकायला लागली, आणि लेकरं रडायला लागली ते काठावर ऐकू यायचं. वल्ह्याच्या नावा नेऊन, दोर बांधून ओढत आणली शेवटी. आजोबांना घेरी आली होती. उतरवून सावलीत निजवलं, पाणी मारलं, तेव्हा डोळे उघडले. नसते उघडले तर? हा प्रश्न मी तुम्हाला विचारत नाही. मलाच विचारतो.

तुम्हाला वाटेल, झाला कबुलीजबाब. मलाही पुष्कळ वर्षं वाटायचं की एवढंच आहे. पण चिंधी सोडणं ही त्यातली लहान गोष्ट.

साहेबांनी सगळ्यांना समोर उभं केलं. चालवणारा शपथेवर म्हणाला, चिंधी नव्हती. खरंच बोलत होता. प्रमोद म्हणाला, बांधली होती. मग कुठं आहे? सगळी बोट शोधली, पाण्यात पाहिलं, चिंधी नाही. प्रमोद माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर संशय असता तर बरं झालं असतं. पण बुडत्या माणसानं काठावरच्याकडे पाहावं तसं पाहत होता.

“भाऊ, तुम्ही तं बाजूलेच होते. मी चिंधी बांधली होती ना गा?”

“मले तं नाही दिसली,” मी म्हणालो.

तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग आपल्या हातांकडे. मग साहेबांकडे वळून म्हणाला, “मग मीच विसरलो असन.”

वाद घातला नाही, कोणावर ढकललं नाही. माझा शब्द त्याला स्वतःच्या आठवणीपेक्षा मोठा वाटला. का? मी भाऊ होतो म्हणून.

साहेबांनी त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. पुढच्या खेपेला खापरखेड्याला गेलो तेव्हा सासरे रस्त्यावरच्या पाटीवर असतं ते वाक्य बोलले — अति घाई संकटात नेई. पहिलं ताट माझ्यापुढं आलं. प्रमोद त्या दिवशी आलाच नव्हता. मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या, हेही सांगून टाकतो.

त्यानं पुन्हा कुठल्या इंजिनाला हात लावला नाही. बोलावणं आलं होतं एका गॅरेजमधून. नको म्हणाला, माझा भरवसा नाही. आता तो सीताबर्डीला कपड्याच्या दुकानात आहे, गिऱ्हाइकांनी उलगडलेल्या साड्या घड्या घालून परत ठेवतो. माया सुनंदाला सांगते, की कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जातात आणि परत येतात. गॅसची कळ पाहतात. परत पाहतात. एकदा मौद्याच्या लग्नाला निघालो तर अर्ध्या रस्त्यातून गाडी वळवली, नळ बंद केला का म्हणून. आमच्याकडे सगळे यावर हसतात. पोरं त्याची नक्कल करतात. मीही हसतो, आणि सगळ्यांत मोठ्यानं.

आणि मी? साहेब बदलले, तसा मी त्याची नळी सगळ्या बोटींना बसवली. गरम इंजिन, खालचा जोड, मोटर, पन्नी — सगळं त्याचंच. आता दुसऱ्या तलावांवरचे मिस्त्री माझ्याकडे शिकायला येतात. भाऊंची नळी म्हणतात तिला. मी एकदाही म्हटलं नाही की ही माझी नाही. चिंधीही बांधतो, लालच. गाठ मारताना वरची ओढून पाहतो.

सासरे मागच्या वर्षी गेले. शेवटच्या दिवसांत मला जवळ बोलावून म्हणाले, प्रमोदले सांभाळून घेजा, हात चांगला होता त्याचा. मी हो म्हटलं. आणि त्या वेळी, त्यांचा हात माझ्या हातात असताना, माझ्या मनात काय आलं सांगू? — मरतानाही त्याचाच हात चांगला. इतक्या वर्षांनी. एवढं करूनही पहिलं ताट त्याचंच.

गेल्या महिन्यात त्यांचं वर्ष झालं. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, आणि मी अंगणातल्या कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसलो. प्रमोद शेजारी येऊन बसला. केस पार पिकलेत त्याचे. बोटींबद्दल तो कधी बोलत नाही, पण त्या दिवशी त्यानं विचारलं, अजून चिंधी बांधता का? म्हटलं, बांधतो. त्यानं आपल्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाला, “भाऊ, डोक्याले काही आठवत नाही. पण हाताले ते गाठ आठवते गा. काहून आठवत असन? तुम्ही तेव्हा नीट पाह्यलं होतं ना?”

अंगणात कोणी नव्हतं. बाया आत भांडी आवरत होत्या. साहेब नव्हते, सासरे नव्हते, ताट नव्हतं. एक शब्द बोलायचा होता.

“नीट पाह्यलं होतं,” मी म्हणालो. “नव्हती.”

त्यानं मान हलवली. “बरं झालं विचारलं,” म्हणाला. “आता नाही विचारत.” माझा रिकामा पेला माझ्या हातातून घेतला, आत ठेवून आला, स्कूटरचं स्टँड नीट लागलंय का ते पाहून आला, आणि परत येऊन माझ्या शेजारी बसला.

सुरुवातीला मी म्हणालो की गोष्ट जुनी आहे. ती जुनी नाही. गेल्या महिन्यातली आहे.